कान, व्हेनिस, बर्लिन आणि आपली मुंबई : चित्रपट महोत्सव, दिग्दर्शक आणि पुरस्कारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये कानची यादी जाहीर झाली, व्हेनिसचा निकाल लागला किंवा मुंबईतल्या एखाद्या महोत्सवाची नोंदणी सुरू झाली की तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कान, व्हेनिस आणि बर्लिन यांतला सगळ्यात मोठा महोत्सव कुठला?

वयाने व्हेनिस. तो १९३२ साली सुरू झाला. कान १९३९ साली व्हायचा होता, पण महायुद्ध पेटलं आणि पहिला महोत्सव १९४६ साली भरला. बर्लिन १९५१ चा. प्रतिष्ठेचं म्हणाल तर कानचा दबदबा अजून कायम आहे. व्हेनिस ऑगस्टअखेर सुरू होतो, त्याच्यामागोमाग ऑस्करचा हंगाम लागतो, त्यामुळे हॉलिवूडची मोठी मंडळी तिकडे वळतात. बर्लिन फेब्रुवारीत असतो आणि सर्वसामान्य प्रेक्षकाला तिकीट काढून जाता येईल असा तिघांतला सर्वांत मोकळा तोच (प्र. १३).

२. पाम दोर, गोल्डन लायन, सिल्व्हर बेअर... यात पहिलं कोण, दुसरं कोण?

कानमध्ये पहिला पाम दोर, दुसरा ग्रां प्री, तिसरा ज्युरी प्राइज. शिवाय दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता, अभिनेत्री. व्हेनिसमध्ये पहिला गोल्डन लायन. त्यानंतर सिल्व्हर लायन दोन असतात, एक ग्रँड ज्युरी प्राइजचा आणि एक दिग्दर्शनाचा. तिथल्या अभिनयाच्या पुरस्काराला व्होल्पी कप म्हणतात. बर्लिनमध्ये पहिला गोल्डन बेअर.

घोळ होतो तो सिल्व्हर बेअरचा. बर्लिनमध्ये ग्रँड ज्युरी प्राइज, दिग्दर्शन, अभिनय, पटकथा या सगळ्यांना सिल्व्हर बेअरच देतात. म्हणून 'सिल्व्हर बेअर मिळाला' हे अर्धंच वाक्य झालं, तो कशासाठी मिळाला हे विचारायला हवं. २०२१ पासून बर्लिनने अभिनयात अभिनेता-अभिनेत्री हा भेदही काढून टाकला. आता प्रमुख भूमिका आणि सहायक भूमिका असे दोनच पुरस्कार आहेत.

दुसरा घोळ ग्रां प्रीचा. आज तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे, पण पाम दोर सुरू झाला १९५५ साली. त्याआधी ग्रां प्री हाच सर्वोच्च पुरस्कार होता. १९६४ ते १९७४ या काळात पाम दोर बाजूला ठेवून पुन्हा ग्रां प्रीच देत होते. १९७५ पासून पाम दोर कायमचा परतला. त्यामुळे जुन्या चित्रपटापुढे 'ग्रां प्री' दिसलं की आधी साल बघायचं.

३. 'मराठी चित्रपट कानला रवाना' अशी बातमी येते. म्हणजे तो स्पर्धेत असतो का?

बहुतेक वेळा नाही. सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आहे, म्हणून जरा सविस्तर.

मे महिन्यातल्या त्या बारा दिवसांत कान शहरात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू असतात. पहिली, महोत्सवाची स्वतःची अधिकृत निवड. यात मुख्य स्पर्धा येते (साधारण वीस-बावीस चित्रपट), १९७८ पासूनचा 'अं सर्तें रगार' हा विभाग येतो, स्पर्धेबाहेरचे चित्रपट, मध्यरात्रीचे खेळ, 'कान प्रीमियर', फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांचा 'ला सिनेफ' आणि जुन्या, डागडुजी केलेल्या चित्रपटांचा 'क्लासिक्स' विभाग येतो. दुसरी, १९६२ पासूनचा 'क्रिटिक्स वीक', जो दिग्दर्शकांच्या पहिल्या-दुसऱ्या चित्रपटांसाठी आहे. तिसरी, 'डायरेक्टर्स फोर्टनाइट'. १९६८ च्या आंदोलनात कान महोत्सव अर्ध्यावर बंद पडला आणि त्यातून पुढच्या वर्षी हा विभाग उभा राहिला. या दोघांची निवड समिती वेगळी असते. तरीही दोन्ही मानाचे आहेत, 'कानमध्ये निवड' म्हटलं तर कुणी आक्षेप घेणार नाही.

आणि मग असतो बाजार, मार्शे द्यू फिल्म. चित्रपट विकण्या-विकत घेण्याची जागा. इथे ठरलेले पैसे भरून हॉल घेता येतो आणि चित्रपट दाखवता येतो. समोर वितरक, महोत्सवांचे निवडकर्ते, विक्री एजंट बसलेले असतात, आणि दहा मिनिटांत उठून पुढच्या हॉलकडे निघतात. ते अपमान करत नाहीत, त्यांची कामाची पद्धतच तशी आहे. महाराष्ट्र शासन २०१६ पासून समितीकडून काही मराठी चित्रपट निवडून या बाजारात पाठवतं. उपक्रम चांगला आहे, निर्मात्याला परदेशी माणसं भेटतात. पण ती निवड शासनाच्या समितीची असते, कान महोत्सवाची नव्हे. बातमीत हा फरक गायब होतो.

शहानिशा करायला दोन मिनिटं पुरतात. कानच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीच्या निवडीत नाव शोधा. नसेल तर क्रिटिक्स वीक आणि डायरेक्टर्स फोर्टनाइट यांच्या स्वतंत्र संकेतस्थळांवर बघा. तिथेही नसेल, तर खेळ बाजारातला समजायचा. बातमीत विभागाचं नावच नसेल तर संशय घ्यायला जागा आहे, कारण खरी निवड झालेला निर्माता विभागाचं नाव सांगितल्याशिवाय राहत नाही.

४. पोस्टरवर दोन पानांच्या माळेत 'अधिकृत निवड' लिहिलेलं असतं. आणि '५० आंतरराष्ट्रीय पुरस्कार' म्हणजे?

ती माळ कुणाच्या मालकीची नाही. कुठलाही महोत्सव आपली माळ छापू शकतो. ऑनलाइन चालणारे, दर महिन्याला निकाल लावणारे असंख्य महोत्सव आहेत. त्यांचं उत्पन्न प्रवेश शुल्कातून येतं, त्यामुळे विभाग शंभर आणि विजेते दोनशे. काहींच्या नावात मुद्दाम कान, बर्लिन, व्हेनिस असतं. खरा कोणता हे ओळखायला तीन प्रश्न पुरेत. प्रत्यक्ष थिएटरात, प्रेक्षकांसमोर खेळ झाला का? परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? निकाल वर्षातून एकदा लागतो की दरमहा?

हाच प्रकार आपल्याकडे फाळके यांच्या नावाने होतो. केंद्र सरकारचा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून दिला जातो आणि तो एका व्यक्तीला जीवनगौरव म्हणून मिळतो. त्याशी मिळत्याजुळत्या नावाचे खासगी समारंभ मुंबईतल्या हॉटेलांत होतात, त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'यंदाचा सर्वोत्कृष्ट खलनायक' असं काही वाचलंत तर तो सरकारी फाळके पुरस्कार नव्हे, एवढं नक्की.

५. नट्या दरवर्षी कानच्या रेड कार्पेटवर असतात. त्यांचा चित्रपट तर नसतो!

नसतोच. महोत्सवाचे प्रायोजक असलेले सौंदर्यप्रसाधनांचे, दागिन्यांचे, घड्याळांचे ब्रँड आपल्या चेहऱ्यांना बोलावतात. त्या संध्याकाळी दुसऱ्याच कुणाच्या चित्रपटाचा प्रीमियर असतो. याउलट ज्युरीत बसणं हा खरा मान. मृणाल सेन (१९८२), ऐश्वर्या राय (२००३), शर्मिला टागोर (२००९), विद्या बालन (२०१३), दीपिका पदुकोण (२०२२) आणि पायल कपाडिया (२०२५) हे कानच्या मुख्य स्पर्धेच्या ज्युरीत होते.

६. निकाल कोण आणि कसा ठरवतं?

कानच्या मुख्य ज्युरीत अध्यक्ष धरून सहसा नऊ जण असतात. दिग्दर्शक, नट, लेखक, कधी संगीतकार. २०२४ ला ग्रेटा गर्विग अध्यक्ष होती, २०२५ ला ज्युलिएट बिनोश. स्पर्धेतले सगळे चित्रपट ते पाहतात, मधूनमधून चर्चेला बसतात आणि शेवटच्या दिवशी बंद दाराआड मतदान करतात. ऑस्करला हजारो सभासद मत देतात. इथे नऊ माणसांची आवडनिवड चालते, आणि ज्युरी दर वर्षी बदलते. म्हणून महोत्सवाच्या निकालाचा अंदाज बांधणं हा निव्वळ टाइमपास.

प्रत्येक विभागाची ज्युरी वेगळी असते. 'कॅमेरा दोर' हा पदार्पणाचा पुरस्कार मात्र विभाग ओलांडून जातो. अधिकृत निवड, क्रिटिक्स वीक आणि फोर्टनाइट, तिन्हींकडचे पहिले चित्रपट त्याला पात्र असतात. मीरा नायर यांना 'सलाम बॉम्बे!'साठी १९८८ साली तो मिळाला. फिप्रेस्की हा समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा आणि नेटपॅक हा आशियाई चित्रपटांसाठीचा. दोन्ही अनेक महोत्सवांत दिले जातात, त्यामुळे 'फिप्रेस्की मिळाला' म्हटलं की कुठे, ते विचारा.

७. एखादा चित्रपट सर्वांत चांगला असेल तर त्यालाच सगळे पुरस्कार का देत नाहीत?

नियम आडवा येतो. १९९१ साली 'बार्टन फिंक'ने पाम दोर, दिग्दर्शन आणि अभिनेता असे तीन पुरस्कार नेले. त्यानंतर कानने एकाच चित्रपटावर पुरस्कारांची खैरात करण्यावर बंधनं आणली. परिणाम असा की, ज्युरीला एखाद्या नटाचं काम अफाट आवडलं तरी त्या चित्रपटाला पाम दोर द्यायचा असेल तर नटाला सोडावं लागतं. निकालात कधीकधी 'याला कसा काय दिला?' असं वाटतं, त्याचं उत्तर पुष्कळदा या वाटपात असतं.

२०१३ साली स्टीव्हन स्पीलबर्ग अध्यक्ष असलेल्या ज्युरीने यातून वाट काढली. 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'चा पाम दोर दिग्दर्शक अब्देलातिफ केशीश यांच्याबरोबर दोन्ही अभिनेत्रींनाही दिला.

८. 'नऊ मिनिटं उभं राहून टाळ्या' म्हणजे पुरस्कार पक्का ना?

अजिबात नाही. गाला, म्हणजे रेड कार्पेटवाल्या, खेळाला दिग्दर्शक आणि कलाकार सभागृहात बसलेले असतात, कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर फिरतो आणि तो पडद्यावर दिसतो. तोवर टाळ्या थांबवायच्या कशा? जेवढी नटमंडळी जास्त तेवढी मिनिटं जास्त. उलटही घडलेलं आहे. १९६० साली अँतोनिओनी यांच्या 'लाव्हेंतुरा'ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, आणि त्याच चित्रपटाला ज्युरी प्राइज मिळालं. १९८७ साली मोरिस पियाला यांना पाम दोर घेताना शिट्ट्या ऐकाव्या लागल्या. तेव्हा त्यांनीही मंचावरून 'तुम्हाला मी आवडत नसेन, तर तुम्हीही मला आवडत नाही' असं सुनावून मूठ उंचावली.

९. भारताला पाम दोर मिळाला आहे का? 'नीचा नगर'चं काय?

पाम दोर या नावाचा पुरस्कार भारतीय चित्रपटाला अजून मिळालेला नाही. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला १९४६ साली ग्रां प्री मिळाला आणि तेव्हा तोच सर्वोच्च होता (प्र. २). फक्त त्या पहिल्या वर्षी तो एकूण अकरा चित्रपटांना वाटून दिला गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकच सांगितली की भांडण लागतं.

पुढचा हिशेब असा : १९५४ ला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' (आंतरराष्ट्रीय पुरस्कार), १९५६ ला सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (प्र. १०), १९८३ ला मृणाल सेन यांच्या 'खारिज'ला ज्युरी प्राइज. मुख्य स्पर्धेत १९९४ ला शाजी करुण यांचा 'स्वहम्' होता आणि नंतर तब्बल तीस वर्षं कुणीच नाही. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ने तो दुष्काळ संपवला आणि ग्रां प्री (आताचा, म्हणजे दुसरा) जिंकला. त्या वर्षीचा पाम दोर शॉन बेकर यांच्या 'अनोरा'ला गेला. त्याच वर्षी अनसूया सेनगुप्ता हिला 'अं सर्तें रगार'मध्ये अभिनेत्रीचा पुरस्कार आणि पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म स्कूलच्या चिदानंद नाईक यांच्या लघुपटाला 'ला सिनेफ'चा पहिला पुरस्कार मिळाला.

व्हेनिसमध्ये आपली पाटी कोरी नाही. सर्वोच्च गोल्डन लायन दोनदा आला आहे : 'अपराजितो' (१९५७) आणि 'मॉन्सून वेडिंग' (२००१).

१०. सत्यजित राय यांना नेमकं कुठे काय मिळालं?

'पथेर पांचाली'ला कानचा 'बेस्ट ह्युमन डॉक्युमेंट' (१९५६). 'अपराजितो'ला व्हेनिसचा गोल्डन लायन. बर्लिनशी त्यांचं सर्वाधिक जमलं. 'महानगर' (१९६४) आणि 'चारुलता' (१९६५) या दोन्हींसाठी लागोपाठ दिग्दर्शनाचा सिल्व्हर बेअर, आणि 'अशनि संकेत'ला १९७३ साली गोल्डन बेअर. १९९२ चा ऑस्कर हा कारकिर्दीसाठीचा मानद पुरस्कार होता, कुठल्या एका चित्रपटासाठी नव्हता.

११. आणि मराठी चित्रपट?

यादी लहान आहे पण भरीव. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये गाजला. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'ला १९५८ ला बर्लिनमध्ये सिल्व्हर बेअर मिळाला, चित्रपट हिंदी असला तरी माणूस आपला. त्यानंतर मधे मोठी पोकळी.

२०१४ हे वर्ष मात्र दणदणीत. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला बर्लिनच्या मुलांसाठीच्या 'जनरेशन' विभागात क्रिस्टल बेअर मिळाला. त्याची ज्युरी खरोखर लहान मुलांची असते. त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने व्हेनिसमध्ये 'ओरिझोंती' या मुख्य स्पर्धेखेरीजच्या विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पदार्पणाचा 'लायन ऑफ द फ्यूचर' असे दोन पुरस्कार घेतले. २०२० ला त्यांचाच 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. 'मॉन्सून वेडिंग'नंतर तिथे पोचलेला तो पहिला भारतीय चित्रपट. पटकथेचा पुरस्कार आणि फिप्रेस्की दोन्ही मिळाले. २०२३ ला जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ला टोरंटो महोत्सवात नेटपॅक, आणि २०२५ ला रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या जागतिक कथाचित्र विभागाचा ग्रँड ज्युरी प्राइज. मराठी चित्रपटाने परदेशातल्या बड्या महोत्सवात एखाद्या स्पर्धेचा पहिला पुरस्कार घ्यावा, याचं महत्त्व आपल्याकडे अजून पुरेसं पोचलेलं नाही, असं आमचं मत.

१२. कान, व्हेनिस, बर्लिन तिन्हीकडचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा दिग्दर्शक आहे का?

चार जण आहेत : आंरी-जॉर्ज क्लुझो, मिकेलांजेलो अँतोनिओनी, रॉबर्ट ऑल्टमन आणि जाफर पनाही. ऑल्टमन यांनी १९७६ चा गोल्डन बेअर नाकारला होता, तरी तो त्यांच्या नावावर धरला जातो.

इराणच्या पनाही यांचा प्रवास बघण्यासारखा आहे. 'द व्हाइट बलून'ला कॅमेरा दोर (१९९५), 'द मिरर'ला स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवाचा गोल्डन लेपर्ड (१९९७), 'द सर्कल'ला गोल्डन लायन (२०००), 'टॅक्सी'ला गोल्डन बेअर (२०१५) आणि 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट'ला पाम दोर (२०२५). यातली बरीच वर्षं इराण सरकारने त्यांच्यावर चित्रपट करण्याची आणि देश सोडण्याची बंदी घातली होती. २०१० ला कानच्या ज्युरीत त्यांची खुर्ची रिकामी ठेवली गेली, आणि २०१५ चा गोल्डन बेअर त्यांच्या वतीने लहानग्या भाचीने स्वीकारला. २०२५ ला ते स्वतः कानच्या मंचावर होते.

दोनदा पाम दोर मिळवणाऱ्यांत कोपोला (पैकी एक तेव्हाचा ग्रां प्री, प्र. २), इमामुरा, कुस्तुरित्सा, बिली ऑगस्ट, दार्देन बंधू, हानेके, केन लोच आणि रूबेन ओस्टलुंड येतात. तीनदा कुणालाच नाही. स्त्री दिग्दर्शक तिघीच : जेन कँपियन (१९९३), ज्युलिया द्युकूर्नो (२०२१), जस्टिन त्रिए (२०२३). आणि तारकोव्स्कीसारख्या थोर दिग्दर्शकाला कधीच नाही. स्पर्धेतला पाम दोर बर्गमन यांनाही मिळाला नाही. यावरून पुरस्काराची किंमत कमी होत नाही, पण पुरस्काराच्या यादीवरून दिग्दर्शक मोजू नये, हे कळतं.

१३. मुंबईहून कान किंवा बर्लिनला नुसता प्रेक्षक म्हणून जाता येईल का?

कानला तिकीट विक्री जवळपास नाही. प्रवेश मान्यतापत्रावर मिळतो आणि ते चित्रपट व्यवसाय, पत्रकारिता किंवा फिल्म सोसायटीशी संबंध दाखवल्यावर मिळतं. अठरा ते अठ्ठावीस वयाच्या रसिकांसाठी 'थ्री डेज इन कान' नावाचा वेगळा पास आहे, त्यासाठी आपल्याला सिनेमा का आवडतो याचं पत्र लिहावं लागतं. बर्लिन आणि व्हेनिसची तिकिटं सरळ ऑनलाइन मिळतात. शेंगेन व्हिसाच्या भेटीची तारीख मिळेपर्यंत बराच वेळ जातो, तेव्हा कार्यक्रमपत्रिका जाहीर होण्याची वाट बघत बसू नका, आधी व्हिसा.

१४. मुंबईत राहून हे चित्रपट कुठे बघायला मिळतात?

मामी हा शहराचा मुख्य महोत्सव, १९९७ सालापासूनचा. त्याचा पुरस्कार 'गोल्डन गेटवे'. २०२४ ला तो ऑक्टोबरात झाला आणि सुरुवात 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट'ने झाली. २०२५ ला झाला नाही, म्हणून दर वर्षी होईलच असं धरून रजा टाकू नका. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी मिफ आहे. १९९० पासून दर दोन वर्षांनी, पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, पुरस्कार सुवर्ण शंख. नोंदणी सोपी, गर्दी कमी आणि माल अस्सल. तरी लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, हे कोडं आहे. आशियाई चित्रपटांसाठी 'थर्ड आय' महोत्सव असतो.

वर्षभराची तहान भागवायची असेल तर फिल्म सोसायटीचे सभासद व्हा. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे. वार्षिक वर्गणी भरली की खेळ पाहता येतात, वर 'वास्तव रूपवाणी' हे मंडळाचं नियतकालिक वाचायला मिळतं. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनातही जर्मन चित्रपट लागतात. मुंबईबाहेर जानेवारीत पुण्याचा पिफ, नोव्हेंबरात गोव्याचा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (पुरस्कार सुवर्ण मयूर). इफ्फीचा पहिला महोत्सव १९५२ साली मुंबईतच भरला होता, गोव्याला तो २००४ पासून गेला.

१५. महोत्सवात साधं तिकीट का मिळत नाही? आणि मुलांना का नेता येत नाही?

महोत्सवातल्या चित्रपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसतं. माहिती आणि प्रसारण मंत्रालय त्यांना सूट देतं, आणि ती सूट नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरतीच असते. म्हणून तिकीट नाही, डेलिगेट नोंदणी. म्हणूनच अठराची अट, चित्रपट अगदी लहान मुलांबद्दलचा असला तरी. दारात वयाचा पुरावा मागतात, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. कधीकधी एखाद्या चित्रपटाला सूटच मिळत नाही आणि तो आयत्या वेळी यादीतून गायब होतो.

१६. पास काढला, तरी जागा मिळाली नाही. काय चुकलं?

पास म्हणजे प्रवेशाचा हक्क, खुर्चीचा नव्हे. प्रत्येक खेळासाठी वेगळं आरक्षण करावं लागतं आणि पाम दोरवाले चित्रपट काही मिनिटांत भरतात. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचे चार खेळ पसंतीक्रमाने लिहून ठेवा. आरक्षण उघडलं की आधी तो घ्या ज्याचा दुसरा खेळ नाही. ज्याचं भारतात वितरण ठरलेलं आहे तो सोडा, दोन महिन्यांत थिएटरात येईल. आरक्षण हुकलं तर आयत्या रांगेत उभे राहा. न आलेल्यांच्या खुर्च्या सुरुवातीच्या तोंडावर सोडतात, आणि सकाळच्या पहिल्या खेळाला पुष्कळ सुटतात. रात्रभर जागून आरक्षण करणारे सकाळी उठत नाहीत.

सर्वांत मोठी चूक असते ती अंतराची. कुलाब्याचं रीगल आणि जुहूचं पीव्हीआर एकाच दिवशी जोडायचं तर मधे किमान दोन तास हवेत : चर्चगेटपर्यंत टॅक्सी, फास्ट लोकलने अंधेरी, तिथून रिक्षा. त्यात खेळानंतरची प्रश्नोत्तरं वीस-पंचवीस मिनिटं खातात. एका दिवशी एकच टोक धरा.

१७. खेळ उशिरा सुरू होतो किंवा अचानक रद्द होतो, तो का?

प्रिंटची रिळं गेली, आता हार्ड डिस्कवर डीसीपी, म्हणजे चित्रपटाचा डिजिटल संच, येतो. तो थिएटरच्या सर्व्हरवर चढवायला वेळ लागतो आणि त्याला कुलूप असतं. ते उघडणारी किल्ली, केडीएम, ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. आयोजकांनी खेळ स्क्रीन ३ वरून स्क्रीन ५ वर हलवला की जुनी किल्ली निरुपयोगी, नवी मागवायची. ती देणारं ऑफिस पॅरिसला असेल तर आपल्या सकाळी दहाला तिकडे पहाट असते, फोन कोण उचलणार? म्हणून आयत्या वेळी हॉल बदललेल्या सकाळच्या खेळाला धोका सर्वाधिक. शेजारच्या हॉलमध्ये काय चालू आहे याची नोंद जवळ ठेवावी.

१८. ग्रां प्री मिळूनही 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' भारतातर्फे ऑस्करला का गेला नाही?

कारण तिथे महोत्सवाचा निकाल उपयोगी पडला नाही. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात देशाकडून एकच प्रवेशिका जाते आणि भारताची निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती करते. २०२४ ला तिने 'लापता लेडीज' पाठवला. त्या निवडीवरून बराच वाद झाला, आणि तो रास्त होता. मराठीतून आजवर 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' असे तीन चित्रपट भारताची प्रवेशिका म्हणून गेले आहेत.

१९. या पुरस्कारांत पैसे किती मिळतात?

पाम दोरसोबत एक पैसाही नाही. मिळतं ते १८ कॅरेट सोन्याचं, ११८ ग्रॅम वजनाचं ताडाचं पान, स्फटिकाच्या बैठकीवर. कमाई होते ती पुढे, वितरणाच्या हक्कांतून. उलट रॉटरडॅम महोत्सवाच्या टायगर पुरस्काराला रोख ४० हजार युरो आहेत, तो आपल्याकडे 'कूळांगल' या तमिळ चित्रपटाला २०२१ साली मिळाला. इफ्फीच्या सुवर्ण मयूराला ४० लाख रुपये.

२०. माझी शॉर्ट फिल्म तयार आहे. यूट्यूबवर टाकली तर महोत्सवाला चालेल?

छोट्या महोत्सवांना चालेल, मोठ्यांना बहुधा नाही. कानला लघुपट श्रेयनामावलीसह १५ मिनिटांच्या आतला हवा आणि आधी इंटरनेटवर आलेला नसावा. 'ला सिनेफ' फक्त फिल्म स्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी. क्रम असा ठेवा : आधी पहिला खेळ महत्त्वाचा मानणारे मोठे महोत्सव, मग मधले, मग मुंबई-पुणे, आणि शेवटी यूट्यूब. एखाद्या लहान महोत्सवाला घाईने होकार दिला की जागतिक प्रीमियर तिथेच खर्च झाला, तो परत मिळत नाही.

पाठवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पासवर्ड मधेच बदलणं. लिंकची मुदत संपणं. इंग्रजी सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये देणं (निवडकर्ता ती जोडत बसत नाही, चित्रावरच हवीत, दोन ओळींपेक्षा जास्त नकोत). सुरुवातीला दीड मिनिट आभार. शेवटची चूक आपल्याकडे फार. निवडकर्त्याच्या पुढ्यात हजारो लघुपट असतात, प्रायोजकांच्या नावांची पाटी संपेपर्यंत तो पुढे गेलेला असतो.

२१. महोत्सवात पाहिलेला चित्रपट थिएटरात वेगळा वाटला. भास की खरंच बदल?

दोन्ही शक्य आहेत, पण बदल होतात. एक कारण दिग्दर्शक स्वतः. 'अपोकॅलिप्स नाऊ' १९७९ ला कानमध्ये अपूर्ण अवस्थेत दाखवला गेला आणि तसाच पाम दोर घेऊन गेला. वाँग कार-वाय यांचा '२०४६' २००४ ला कानला कसाबसा पोचला आणि नंतर त्याचं संकलन पुन्हा झालं. दुसरं कारण सेन्सॉर. नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' २०२५ ला 'अं सर्तें रगार'मध्ये होता, भारतात येताना त्यात बदल करावे लागले. महोत्सवातली प्रत सूट घेऊन आलेली असते (प्र. १५), थिएटरातली प्रमाणपत्र घेऊन.

तपासायचं असेल तर महोत्सवाच्या पुस्तिकेतली लांबी लिहून ठेवा आणि थिएटरात चित्रपटाआधी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरची मिनिटं तिच्याशी ताडून बघा. ते काही सेकंदच पडद्यावर असतं, पॉपकॉर्न आधी आणून ठेवा. एक-दोन मिनिटांचा फरक मात्र मनावर घेऊ नका, तो अनेकदा भारतात जोडलेल्या तंबाखूविरोधी सूचनेचा आणि आभारांच्या पाट्यांचा असतो.